ट्रायपॉडने नाच थांबत नाही

स्नेहसंमेलनातल्या नाचाचे फोटो हलतात, काय करावं, या प्रश्नावर बऱ्याच जणांनी ट्रायपॉड सुचवलाय. त्याने कॅमेरा स्थिर राहील, पोरं नाचतच राहणार! इथे शटर स्पीड वाढवायला हवा, म्हणजे शटर कमी वेळ उघडं ठेवायचं. १/६० सेकंदावरून १/२५० वर गेलात की प्रकाश पाव उरतो, म्हणजे दोन स्टॉपची तूट (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० चा ३२०० केला की ती भरून निघते. किंवा अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आणा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं. पण बहुतेकांकडे असते ती किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी) झूम केल्यावर तेवढी उघडत नाही. त्यापेक्षा ५० एमएम एफ/१.८ लेन्स बघा, तुलनेने स्वस्तात मिळते. आयएसओ वाढवल्यावर थोडा नॉइज, म्हणजे फोटोत दाणे, येईल, येऊ द्या. आणि फ्लॅश बंदच ठेवा, मागच्या रांगेतून तो पुढच्यांची डोकी तेवढी उजळतो.