निर्भत्सना की निर्भर्त्सना?

होटगीरोडकर
सात रस्त्याजवळ अभ्यासिकेत बसतो, परीक्षेची तयारी चालूय. काल सराव पेपरात 'सभागृहाने या कृत्याची निर्भत्सना केली' लिहिलं तर सरांनी लाल पेननं गोल करून अर्धा मार्क कापला, म्हणे दुसरा र कुठंय. पेपरात तर असंच छापून येतं की ओ. आणि निंदा, निषेध, निर्भर्त्सना सगळं एकच ना? मूळ कुठलं हे?

जुनी_पोथी
सर बरोबर हायेत. निः + भर्त्सना, विसर्गाचा र झाला, निर्भयमध्ये होतो तसाच, तो रफार भ वर. दुसरा मूळ धातूतलाच, भर्त्स्, तो त्स च्या डोक्यावर. पहिला दिला की हाताला वाटतं झालं काम. हिंदी बातम्यांत नुसतं 'भर्त्सना' म्हणतात ते आठवायचं, पुढं निर् जोडायचं.

अर्थाचं म्हणशील तर धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तर्ज आणि भर्त्स शेजारीशेजारी दिलेत, दोन्हींचा अर्थ तर्जन, म्हणजे दरडावणं, धमकावणं. त्याच तर्ज् वरनं अंगठ्याशेजारच्या बोटाला तर्जनी म्हणतात. म्हणजे निर्भर्त्सनेत बोट रोखलेलं असतं बघ, समोरच्याला खाली मान घालायला लावणारं. निंदा पाठीमागं पण होते, टपरीवर रोज करतोच आपण, आणि निषेध काय काळी फीत लावली तरी होतो.

दोन_माग
आमच्या कारखान्यात मालक निर्भर्त्सना करत नसतेत, बिनपाण्यानं करतेत. परवा टॉवेलच्या किनारीत दोन धागे सुटले, सगळ्या पाळीसमोर झाली. रफार मोजायला टाइम नव्हता बे 😄

अनुवादवाली
बिनपाण्यानं वरून आठवलं, इंग्रजीत एक्सकोरिएट आहे ना कडक टीकेला, त्यात लॅटिन कोरिअम म्हणजे कातडं, तर शब्दशः कातडं सोलणं. स्किनचे डॉक्टर अजूनही खाजवून साल गेलेल्या जागेला एक्सकोरिएशनच म्हणतात. आपली खरडपट्टी अगदी त्याच वळणाची, खरडण्यातनंच आलेली. मला भाषांतरात खरडपट्टीच लिहावंसं वाटतं पण अग्रलेखाचं काम असलं की शब्द हलका वाटतो म्हणून परत येतो, मग निमूट निर्भर्त्सना टाकते, आणि सोलण्याचं चित्र गेलं ते गेलंच.

होटगीरोडकर
भारी माहिती, थँक्स सगळ्यांना. आज सरांनी फळ्यावर दहा वेळा लिहायला लावलं. आता घोळ असा झालाय की निर्भय लिहिताना पण हात दुसरा रफार शोधतोय.