'कॉस्मो' बिल्डिंग म्हणजे नक्की काय?

गिरणगावकर:
दोन महिने पश्चिम उपनगरात भाड्याचं घर शोधतोय. एजंट आधी हेच सांगतो, "बिल्डिंग कॉस्मो आहे हां." म्हणजे सुरमई तळली तरी कुणी तक्रार करणार नाही. 'कॉस्मो' म्हणजे 'कॉस्मोपॉलिटन', त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विश्वाचा नागरिक! आणि बँकेत मराठीत बोललो की ऐकवतात, "मुंबई कॉस्मोपॉलिटन है." तिथे त्याचा अर्थ होतो, तुमची भाषा घरी ठेवा. माझ्या मते हा शब्द सोडून 'बहुजिनसी' म्हणावं. 'बहु' संस्कृत, 'जिन्नस' अरबीतून आलेला. सरमिसळ त्या शब्दातच आहे.

सोलापूरची लेक:
अजिबात पटलं नाही. आम्ही पद्मशाली, विणकर समाजातले. घरी तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत कन्नड. मुंबईत आल्यावर तीन सोसायट्यांनी आडनाव विचारून दार लावलं. चौथी 'कॉस्मो' होती, तिथे चावी मिळाली. तुम्हाला तो शब्द उथळ वाटतो, मला त्याने छप्पर दिलं. आणि मला जिन्नस म्हणू नका, किराण्याची यादी वाटते.

जुनी कात्रणं:
ताई, तुमचा अनुभव खराच आहे, पण या शब्दाला इतिहास आहे. मुंबई अनेक भाषांच्या लोकांची, म्हणून ती महाराष्ट्राला देता येणार नाही, हा युक्तिवाद १९४८ मध्ये भाषावार प्रांतरचनेसाठी नेमलेल्या धर आयोगापुढे जोरात मांडला गेला. डॉ. आंबेडकरांनी आयोगाला दिलेल्या निवेदनात तो मुद्देसूद खोडून काढला. कलकत्त्याचा व्यापार-उद्योग बंगाल्यांच्या हाती नाही, म्हणून ते शहर बंगालचं नाही म्हणायचं का, असा त्यांचा सवाल होता. तरीही १९४९ च्या काँग्रेसच्या नेहरू-पटेल-पट्टाभि समितीने मुंबई वेगळीच ठेवायला सांगितलं. पुढे शंभराहून अधिक माणसांनी जीव दिला, तेव्हा कुठे १९६० साली मुंबई आपली राजधानी झाली. 'कॉस्मोपॉलिटन' ऐकून जुन्या माणसांच्या कपाळावर आठी येते ती यामुळे.

वसईवाला:
मी कॅथलिक. घरी कादोडी ही वसईची बोली बोलतो, चर्चमध्ये प्रार्थना मराठीत. तरी मुंबईच्या विविधतेवर लेख आला की आमचा फोटो 'कॉस्मोपॉलिटन' मथळ्याखाली, जणू आम्ही बाहेरून येऊन इथे रंग भरले. आमच्या पिढ्यान् पिढ्या केळी आणि पानवेली लावण्यात गेल्या. मग मराठीपण एकाच रंगाचं धरून उरलेल्यांना हा शब्द चिकटवायचा, हे मला जास्त लागतं. तो दोष 'बहुजिनसी'नेही जाणार नाही.

गिरणगावकर:
वसईकर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मीही तुम्हाला 'इतरां'त धरत होतो, चुकलो. पण सोलापूरच्या ताईंना विचारतो: एखादी बिल्डिंग 'कॉस्मो' आहे हे मुद्दाम सांगावं लागतं, याचा अर्थ बाकीच्या नाहीत. ते आपण मुकाट्याने मान्य करायचं?

सोलापूरची लेक:
मान्य कोण करतंय? त्या तीन सोसायट्यांशी भांडायला मी तुमच्यासोबत येते. फक्त तोवर एजंटला तो शब्द वापरू द्या. पुढच्या महिन्यात धाकट्या भावाला घर बघायचंय.