मफलर लांबीकडून विणायचाय, टाके किती घालू?

लोकरवेडी: आत्तापर्यंत दोन मफलर केले, दोन्ही नेहमीसारखे, 30 टाके घालून वर वर विणत जायचं. आता मला टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या लांब पट्ट्या हव्यात म्हणून लांबीचेच टाके घालायला घेतले. अंदाजाने 240 ठरवले, शेपूट (सुरुवातीला टाक्यांसाठी सोडलेला मोकळा दोरा) सोडून टाके घालत गेले आणि 200 च्या आसपास शेपूटच संपलं!! उसवलं, जास्त सोडलं, तरी परत 225 ला संपलं. शिवाय सरळ सुयांवर टाके इतके दाटीवाटीने बसलेत की सरकतच नाहीत. हे लोक करतात तरी कसं?

उलट_सुलट: शेपूट मोजायच्या भानगडीत पडूच नका. दोन गुंडे घ्या, दोघांची टोकं एकत्र बांधून ती गाठ सुईवर ठेवा, मग एका गुंड्याचा दोरा शेपटाच्या जागी आणि दुसऱ्याचा नेहमीसारखा. कितीही टाके घाला, संपणार नाही. झाल्यावर एक दोरा तोडायचा, आणि ती गाठ टाका म्हणून मोजायची नाही, पहिल्या ओळीनंतर सोडून द्या. सरळ सुया ठेवून द्या, 100 सेमी किंवा त्याहून लांब केबलची गोल सुई घ्या, म्हणजे दोन टोकं लवचीक केबलने जोडलेली. फक्त विणकाम गोलात जोडायचं नाही हां, ओळ संपली की उलटायचं आणि परत यायचं. दर 20 टाक्यांवर मार्कर (खुणेची रिंग) अडकवा, नाहीतर 187 वर फोन वाजतो आणि पुन्हा एकपासून.

सुईवाली_मावशी: अगं पण 240 कुठून आणलेस? नमुना विणलास का? नेहमीच्या मफलरला लांबी विणता विणता ठरते, गळ्याभोवती गुंडाळून बघितलं आणि थांबलं. इथे लांबी पहिल्याच ओळीत ठरून जाते, नंतर फक्त रुंदी हातात राहते. त्याच सुईने त्याच लोकरीचा चांगला 15 सेमीचा तुकडा विण, धू, वाळव, मग मधले 10 सेमी मोज. 16 टाके आले तर 240 चे 150 सेमी, 15 च आले तर त्याच 240 चे 160. एका टाक्याने दहा सेमी फरक, बघ!

आणि नुसतं सुलट विणलंस तर कडा गुंडाळत नाहीत. एका बाजूला सुलट एका बाजूला उलट केलंस तर लांब कडा सगळ्या आत वळतात, माझ्या एका मफलरची सरळ नळीच झाली होती.

केळं_विणणारा: टाके बंद करताना हात घट्ट ठेवू नका एवढंच सांगतो. मी घट्ट बंद केले, सुरुवातीची कड सैल होती, मफलरचं केळं झालं. धुऊन ताणून पिना लावल्या तरी केळं ते केळंच, शेवटी ती ओळ उसवून दोन नंबर मोठ्या सुईने बंद केली तेव्हा सरळ झाला. आणि बंद करायला कडेच्या लांबीच्या निदान चौपट दोरा राखून ठेवा, शेवटच्या वीस टाक्यांना लोकर संपली की रडू येतं.

लोकरवेडी: मावशी, विणला नमुना, 17 आले 😅 म्हणजे माझे 240 घातले असते तर 141 च झाला असता. आता 256 घातलेत, दोन गुंड्यांची आयडिया एकदम भारी! एक विचारायचं राहिलं, रंग बदलताना टोकांचं काय करता? विणून घालवायची म्हणजे किती ती शेपटं!

उलट_सुलट: घालवायची कशाला, 15 सेमी सोडा, शेवटी गाठी मारून तेच गोंडे. फक्त प्रत्येक पट्टीत ओळी विषम ठेवा, पाच किंवा सात, म्हणजे रंग एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपतो आणि दोन्हीकडे गोंडे येतात. सम ठेवल्या तर सगळी शेपटं एकाच बाजूला. विषममध्ये काही जोडांवर दोन रंगांचे ठिपके सुलट बाजूला दिसतील, मला तरी ते आवडतात.