माउस हलतो, पण कॉम्प्युटर थिजतो

छापखाना_सांगली: आमचं डीटीपीचं काम आहे. विंडोज १०, साटा एसएसडी (केबलने जोडलेली डिस्क). पान लावताना अचानक सगळं थिजतं. माउस हलतो, क्लिक लागत नाही, अर्ध्या-एक मिनिटाने आपोआप सुरू. रॅम बदलून पाहिली, तेच. लग्नसराईच्या पत्रिका अडल्यात हो, कुणीतरी मार्ग सांगा.

जुना_मदरबोर्ड: माउस हलतोय म्हणजे प्रोसेसर चालू आहे, डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलाय. आधी बॅकअप घ्या! मग विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज, सिस्टिम. थिजण्याच्या वेळी १२९ नंबरची नोंद आहे का?

छापखाना_सांगली: बॅकअप झाला. १२९ आहे, 'रीसेट टू डिव्हाइस'. सोर्स म्हणून मदरबोर्डच्या सीडीतल्या ड्रायव्हरचं नाव दिसतंय.

जुना_मदरबोर्ड: मग माझा संशय ड्रायव्हरवरच. वीज वाचवायला तो साटा लिंक, म्हणजे डिस्कची जोडणी, झोपवतो, काही एसएसडी वेळेत जाग्या होत नाहीत. मागणी मुदतीत पुरी झाली नाही की विंडोज कंट्रोलर (डिस्क सांभाळणारा मदरबोर्डवरचा भाग) रीसेट करतं. तोवर तुम्ही ताटकळत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरवर अपडेट ड्रायव्हर, यादीतून 'स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर' निवडा, रीस्टार्ट करा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड नेहमीच्या एएचसीआयऐवजी रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडण्याचा) असेल तर मात्र हे करू नका, विंडोज सुरूच होणार नाही.

कोल्हापुरी_बाइट: स्मार्टमधला (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीतला) सी७ आकडाही बघा, तो केबलवरच्या चुका मोजतो. वाढत असेल तर केबल बदला, स्वस्तात सुटाल.

छापखाना_सांगली: सी७ शून्य. मोड एएचसीआयच होता, ड्रायव्हर बदलला. कालपासून १२९ ची नवी नोंद नाही आणि पत्रिका छपाईला गेल्या. दादा, मनापासून आभार!