मदत हवी आहे: ओहायोत सेकंडहँड फोर्ड घ्यायची आहे. फोकस, फ्यूजन की फ्यूजन हायब्रिड?

कोलंबसकर:
नमस्कार मंडळी. कोलंबस, ओहायोत सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. टॅक्स आणि टायटल (मालकीचा कागद) धरून बजेट ९,५०० डॉलर. रोजचं जाणं-येणं ४६ मैल, त्यातलं निम्मं हायवे. गाडी बाराही महिने उघड्यावर राहणार. या पैशांत टोयोटा-होंडा दीड लाख मैलांच्या पुढच्याच दिसतात, म्हणून फोर्ड बघतोय. यादी अशी:

१) २०१४ फोकस एसई, ऑटोमॅटिक, ७८,००० मैल, ६,२०० डॉलर
२) २०१७ फ्यूजन एसई, १.५ इकोबूस्ट, ९१,००० मैल, ८,४०० डॉलर
३) २०१६ फ्यूजन हायब्रिड, १,०९,००० मैल, ८,९०० डॉलर
४) २०१२ फ्यूजन एसई, २.५ लिटर, १,१८,००० मैल, ५,९०० डॉलर

मैल कमी म्हणून माझा कल पहिलीकडे आहे. ऑफिसात एक जण म्हणतो फोर्डच्या वाटेला जाऊ नकोस, दुसऱ्याच्या घरी तीन पिढ्या फोर्डच. दोघंही ठाम. तर कंपनी म्हणून फोर्ड भरवशाची आहे का, या चारांत कुठली घ्यावी, आणि बघायला जाताना नेमकं काय तपासावं?

वंगण:
फोकस यादीतून आत्ताच काढा, बाकीचं नंतर बोलू.

तिचा ऑटोमॅटिक नेहमीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला नाही. डीपीएस६ नावाचा कोरडा ड्युअल क्लच आहे. म्हणजे आत मॅन्युअलसारखाच गिअरबॉक्स, दोन क्लच, आणि ते उघडायचं-मिटायचं काम मोटरी करतात. त्यांना हुकूम देतो टीसीएम हा कॉम्प्युटर. दुखणी दोन. इनपुट शाफ्टचे सील पाझरतात आणि तेल क्लचच्या पाट्यांवर जातं. मग सिग्नलवरून निघताना, १० ते २० मैलांच्या वेगात, गाडी थरथरते. दुसरं, टीसीएम स्वतःच दगा देतो: कधी गाडी सुरूच होत नाही, कधी चालता चालता गिअर सुटतो. क्लचचा नवा संच टाकून बरेच जण काही महिन्यांत पुन्हा तिथेच आले, कारण मूळ रचनाच तशी. यावर क्लास अ‍ॅक्शन (अनेक ग्राहकांचा मिळून एक) खटला झाला, तडजोड झाली. कंपनीने क्लचची वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख मैल केली, टीसीएमची १० वर्षं किंवा दीड लाख मैल. २०१४ च्या गाडीसाठी दोन्ही मुदती उलटल्या.

आणि कमी मैलांना भुलू नका. कमी मैल म्हणजे बहुतेक शहरातली ये-जा, आणि हा क्लच रांगत्या ट्रॅफिकमध्येच सगळ्यात जास्त मार खातो. हीच फोकस पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळाली तर बेलाशक घ्या.

आटे_पाना:
+१. आता क्रमांक २ बद्दल, कारण ही दिसायला सगळ्यात देखणी आणि फसायला सगळ्यात सोपी.

इकोबूस्ट म्हणजे फोर्डचं टर्बो इंजिन. १.५ इकोबूस्टच्या ब्लॉकमध्ये दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर कूलंटसाठी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवासाठी) खाच कापलेली आहे. त्यामुळे हेड गॅस्केटला (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलला) बसायला तिथे जागाच अरुंद उरते. टर्बोची उष्णता-दाब आणि रोजचं तापणं-थंडावणं यांत तिथला सील ढिला पडतो आणि कूलंट थेट सिलिंडरमध्ये शिरतं. जमिनीवर थेंब दिसत नाही, टाकीतली पातळी मात्र उतरत जाते. पुढे सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन अडखळतं, मागून पांढरा गोडसर वासाचा धूर, आणि स्कॅनरवर पी०३०० ते पी०३०४ यांपैकी कोड. नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही, कारण दोष ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागात आहे. ब्लॉकच बदलावा लागतो. मजुरीसकट पाच हजार डॉलर सहज ओलांडतात, म्हणजे गाडीच्या निम्म्याहून जास्त. २०१७ ते २०१९ च्या २.० इकोबूस्ट फ्यूजन आणि एस्केपमध्येही हेच.

सगळ्याच १.५ बिघडतात असं नाही. पण ९१,००० मैलांवर ती जोखीम तुमच्या डोक्यावर येते, विकणाऱ्याच्या नाही.

डेट्रॉइटची_आत्या:
'कंपनी म्हणून भरवशाची का' याला हो किंवा नाही असं उत्तर नाही. कुठल्या सालातलं कुठलं इंजिन आणि कुठला गिअरबॉक्स, असं विचारा. तुमच्या चार गाड्या फोर्डच्या दोन वेगळ्या काळांतल्या आहेत.

जुना इतिहास थोडक्यात. जून १९०३ मध्ये कंपनी, १९०८ ते १९२७ मॉडेल टी, दीड कोटींवर गाड्या. १९१३ मध्ये हायलंड पार्कला सरकती असेंब्ली लाइन आली आणि एका चॅसिसची जुळणी साडेबारा तासांवरून दीड तासावर उतरली. मॉडेल टीचा भरवसा होता तो भाग कमी आणि एकच रचना एकोणीस वर्षं घोटलेली म्हणून. हे लक्षात ठेवा, फोर्डच्या ज्या गाड्या टिकतात त्यांचं गुपित आजही जवळपास तेच आहे.

पिंटो गाडीचा १९७८ चा १५ लाख गाड्यांचा रिकॉल (दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं), २००० चं एक्सप्लोरर गाडी आणि फायरस्टोन टायरांचं प्रकरण, हे सगळीकडे वाचायला मिळेल. तुमच्या कामाचा काळ त्यानंतरचा. १९९६ पासून माझ्दात फोर्डचा ३३.४ टक्के वाटा होता. २०१२ पर्यंतची फ्यूजन माझ्दा ६ च्या सांगाड्यावर उभी आहे आणि तिचं २.५ इंजिनही माझ्दाच्या घराण्यातलं: टर्बो नाही, साधं पोर्ट इंजेक्शन, टायमिंगला पट्टा नाही तर साखळी. तुमची क्रमांक ४ ती ही.

२००६ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती. त्या एका वर्षात १,२०० कोटी डॉलरहून जास्त तोटा. बोइंगहून आलेल्या अ‍ॅलन मुलालींच्या काळात २,३६० कोटी डॉलरची कर्जउभारणी झाली, निळा अंडाकृती लोगोसुद्धा तारण पडला. २००८ मध्ये जॅग्वार-लँड रोव्हर टाटांना २३० कोटी डॉलरला विकलं, माझ्दातला बहुतेक वाटाही काढला. म्हणूनच २००९ मध्ये जीएम आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या तरी फोर्ड गेली नाही. पण त्याची दुसरी बाजूही बघा. पेट्रोल चढं, मायलेजचे नियम कडक, आणि 'वन फोर्ड' धोरणानुसार एकच गाडी जगभर विकायची. मग लहान टर्बो इंजिनं आणि ड्युअल क्लच घाईने अमेरिकन गाड्यांत उतरले. तुमची १ आणि २ त्या घाईची अपत्यं. क्रमांक ३ त्याच काळातली असूनही वेगळी निघाली, ते कोणीतरी सविस्तर लिहा.

(अवांतर: महिंद्रा-फोर्डची एस्कॉर्ट १९९६ मध्ये नाशिकलाच बनत होती. इथे कोणाला आठवत असेल.)

खडखडाट:
आत्या, २०२५ मध्ये पहिल्या सहामाहीतच फोर्डने जीएमचा २०१४ चा वर्षभरातल्या ७७ रिकॉलचा विक्रम मोडला. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये रिकॉल वेळेत न केल्याबद्दल १६.५ कोटी डॉलरपर्यंतचा दंड. आणि तुम्ही म्हणता हो-नाही असं उत्तर नाही?

डेट्रॉइटची_आत्या:
रिकॉलची संख्या म्हणजे बिघाडाची संख्या नव्हे. एका रिकॉलमध्ये दोनशे गाड्या असतात, दुसऱ्यात वीस लाख. काहींचं काम नुसतं सॉफ्टवेअरचं. शिवाय डीपीएस६ च्या क्लचचा आणि १.५ च्या ब्लॉकचा खर्च लोकांना बसला तो रिकॉलमुळे भरून निघाला नाही. नव्या गाडीसाठी तुमचा आकडा महत्त्वाचा आहे. दहा वर्षं जुन्या गाडीत मी त्या विशिष्ट व्हिनचे (गाडीच्या ओळख क्रमांकाचे) कोणते रिकॉल उरलेत तेच बघेन.

आटे_पाना:
हायब्रिडचं मी लिहितो. २०१३ ते २०२० च्या फ्यूजन हायब्रिडमध्ये टर्बो नसलेलं २.० इंजिन, १.४ किलोवॅट-तासाची लिथियम-आयन बॅटरी आणि एचएफ३५ ट्रान्समिशन. त्यात गिअर बदलणारे क्लच नाहीत, पट्टा नाही, वेगळी स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही. दोन इलेक्ट्रिक मोटरी आणि ग्रहमाला गिअर, बस. जे नाहीच ते बिघडणार कसं? ब्रेक पॅडही खूप टिकतात, कारण वेग बराचसा मोटरच कमी करते.

खरी भीती एकच: एचएफ३५ मधल्या ट्रान्सफर शाफ्टचं बेअरिंग, विशेषतः सुरुवातीच्या सालांत. तपासायची रीत: रेडिओ-पंखा बंद, काचा वर, ३० पासून ६० मैलांपर्यंत वेग न्या. गाडीच्या वेगाबरोबर चढणारा घूं किंवा खरखर येते का ऐका. मग पाय उचला म्हणजे इंजिन बंद पडेल. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नाही. टायर झिजून फुगीर झाले तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी टायरवरून तळहात फिरवा. टायर गुळगुळीत आणि तरी घूं, तर सरळ निघून या. ट्रान्समिशन बदलण्याचा खर्च त्या गाडीला झेपत नाही.

बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैल, ती संपलेली आहे. बॅटरी थंड करणारा हवेचा मार्ग मागच्या सीटजवळ असतो. तिथल्या जाळीत कुत्र्याचे केस-धूळ साठली असेल तर भाव पाडा. १२ व्होल्टची बॅटरी डिकीत असते. ती अशक्त झाली की डॅशबोर्डवर भलभलते इशारे येतात, त्याला घाबरू नका.

वंगण:
हायब्रिड चांगली, पण हिशोब करा. वर्षाला २५० दिवस गुणिले ४६ म्हणजे ११,५०० मैल. हायब्रिडचा सरकारी आकडा गॅलनला ४२ मैल (आधी ४७ छापला होता, २०१४ मध्ये फोर्डला तो खाली आणावा लागला), २.५ चा २६ च्या आसपास. म्हणजे २७४ गॅलन विरुद्ध ४४२. गॅलनला ३.२० धरलं तर वर्षाला साधारण ५४० डॉलर वाचतात. किमतीतला फरक ३,००० डॉलर. साडेपाच वर्षांनी बरोबरी. मी तरी क्रमांक ४ घेऊन उरलेले पैसे बाजूला ठेवेन.

४ मध्ये बघायच्या गोष्टी: थ्रॉटल बॉडी दगा देते. पान्याचं चिन्ह लागतं आणि गाडी रेटतच नाही. कंपनीची वाढीव वॉरंटी संपली, पण काम घरचं आहे: हवेची नळी काढा, एक कनेक्टर, चार बोल्ट, नवी बॉडी नव्या गॅस्केटसह बसवा, कोड पुसा. ट्रान्समिशन ६एफ३५, तेल मर्कॉन एलव्ही. पुस्तकात दीड लाख मैल लिहिलंय, त्यावर जाऊ नका. बदलल्याची पावती नसेल तर घेतल्याबरोबर निथळून नवं भरा. एकदा निथळून सगळं निघत नाही, म्हणून काही हजार मैलांनी परत. ड्रायव्हरच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचा आणि स्टिअरिंगच्या इलेक्ट्रिक असिस्टचा रिकॉल झालाय का ते व्हिनवर बघा. एअरबॅग बाकी असेल तर आधी ती, मगच गाडी चालवा.

आटे_पाना:
आकडा बरोबर, पण ओहायो विसरलात. चौदाएक हिवाळे मिठात भिजलेली २०१२ ची गाडी. मागच्या चाकांच्या कमानी, दारांखालची पट्टी, सबफ्रेम आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तो कशासाठी मारला ते विचारा.

कोलंबसकर:
खूपच उपयोगी. फोकस बाद. २ च्या मालकाला कूलंटचं विचारलं, तो म्हणाला, 'दर दोन महिन्यांनी थोडं टाकावं लागतं, बाकी गाडी मक्खन.' ३ च्या व्हिनवर दोन रिकॉल उघडे दिसतात: पुढचे ब्रेक होज आणि शिफ्ट केबलचा बुश. हे गंभीर आहे का? आणि ३ व ४ बघायला जाताना काय क्रम ठेवू?

आटे_पाना:
मक्खनवाल्याला नमस्कार करा आणि विषय संपवा. कूलंटचं वर्तुळ बंद असतं, दर दोन महिन्यांनी लागायचं कारणच नाही. तो म्हणेल टोपी ढिली आहे. मग तुमच्या मेकॅनिकला कूलिंग सिस्टिमला दाब देऊन काही तास ठेवू दे आणि स्पार्क प्लगच्या भोकांतून कॅमेरा घालून बघू दे. पिस्टनच्या डोक्यावर ओल दिसेल. पण तेवढा खर्च तरी कशाला?

३ चे दोन्ही रिकॉल गंभीर आहेत, पण डीलरकडे फुकट होतात आणि गाडी कितव्या मालकाची हे कोणी विचारत नाही. होज फाटला तर ब्रेकचं तेल जातं आणि पेडल खोल जातं. केबलचा बुश प्लास्टिकचा, तो झिजून सुटला की दांडा पी वर दिसतो आणि ट्रान्समिशन मात्र पार्कमध्ये नसतं. उतारावर गाडी घरंगळते. काम होईपर्यंत प्रत्येक वेळी हँडब्रेक लावायचाच. शक्य असेल तर विकणाऱ्यालाच दोन्ही करून आणायला सांगा.

एक फरक: सुरक्षेच्या रिकॉलला सहसा मुदत नसते, 'कस्टमर सॅटिसफॅक्शन प्रोग्रॅम'ला (कंपनी आपणहून देते त्या दुरुस्तीला) असते. डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर व्हिन देऊन वॉरंटीत झालेल्या कामांची यादी मागा, बरेच जण देतात.

वंगण:
क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी विकणाऱ्याला सांगा, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का, ते विचारा. थंड इंजिनावर कूलंट टाकीतल्या दोन खुणांच्या मध्ये हवं. डिपस्टिकवर दुधाळ तेल नको. मग ओबीडी-२ अ‍ॅडाप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) लावा. कोड नसणं पुरेसं नाही, 'रेडिनेस मॉनिटर' (गाडी स्वतःच्या घेते त्या चाचण्या) पूर्ण झालेत का बघा. बरेच अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेत. फोरस्कॅन अ‍ॅप फोर्डच्या बाकीच्या मॉड्युलचेही कोड दाखवतं, साध्या रीडरला ते दिसत नाहीत.

मग चालवा: आधी दहा मिनिटं सिग्नल-सिग्नलचा रस्ता, नंतर हायवे. ४ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला बदल झटका न देता व्हायला हवा. परत येऊन इंजिन पाच मिनिटं तसंच चालू ठेवा आणि कूलंट-तेल पुन्हा बघा. टायटलवर 'सॅल्व्हेज' किंवा 'रीबिल्ट' (मोठं नुकसान होऊन गेलेल्या गाडीचा शिक्का) नसावं. शेवटी लिफ्ट असलेल्या बाहेरच्या मेकॅनिककडून तपासणी, दीडशे-दोनशे डॉलर जातील. विकणारा तिथे न्यायला नकार देत असेल तर ती गाडी विसरा.

खडखडाट:
पैसे द्यायच्या आधी इन्शुरन्सचा कोट दोन्ही व्हिनवर घ्या. बरेचदा तिथेच निकाल लागतो.

कोलंबसकर:
शनिवारी सकाळी क्रमांक ३ आणि दुपारी क्रमांक ४ बघायची ठरली. ४ चा मालक मेकॅनिककडे न्यायला तयार आहे, ३ चा 'विचार करून सांगतो' म्हणाला.

आटे_पाना:
मग आधी क्रमांक ४ बघा. आणि टॉर्च न्या, कमानीच्या आतून बघायला लागेल.