चौकटीतलेही क्रिएटिव्हच

'टीममध्ये खरे क्रिएटिव्ह एकदोनच, बाकीचे सांगकामे' असं कुणी म्हटलं की मला ते काही पटत नाही. मायकेल कर्टन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच यातला घोळ दाखवला होता. सर्जनशीलता किती आहे हा एक प्रश्न, ती कोणत्या पद्धतीची आहे हा वेगळाच. काहीजण आहे त्या चौकटीत राहून सुधारणा करतात, काहीजण चौकटच बदलायला निघतात. त्याच्या चाचणीत ३२ ते १६० असे गुण पडतात, पण जास्त गुण म्हणजे जास्त हुशार असं अजिबात नाही; कल कुठे आहे एवढंच त्यातून कळतं.

आमच्या पॅकिंग लाइनवर बाटल्यांची लेबलं तिरकी बसायची. एकजण म्हणाला, लेबलच नको, थेट बाटलीवर छापू. दुसऱ्या मॅडम तीन दिवस वही घेऊन मशीनशेजारी बसल्या, नोंदी केल्या आणि शेवटी एक पट्टी दोन मिलिमीटर सरकवायला लावली. लेबलं सरळ! मीटिंगमध्ये कौतुक मात्र छपाईवाल्याचं. (ते छपाईचं मशीन अजून यायचंय.)