मदत हवी आहे: गच्चीवरचं सोलर आणि अंघोळीचं गरम पाणी

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटरिंगसह (म्हणजे जादा वीज ग्रिडला जाते आणि बिलातून वजा होते). केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदानही जमा झालं. पॅनल २५ अंश सेल्सिअसच्या वर तापले की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे आपल्या मे महिन्यात इलाज नाही. पण धुळीचं काय? बोअरच्या जड पाण्याने धुतलं की पांढरे डाग राहतात. तुम्ही कशाने पुसता?

दुसरं, २ किलोवॅटचा गिझर पहाटे लागतो, तेव्हा ऊन कुठलं! नेट मीटरिंग असताना दुपारी पाणी तापवून काही फायदा होतो का? की हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारा हीट पंप घ्यावा? वीज गिझरच्या साधारण एक तृतीयांश लागते म्हणे, पण क्षार धरल्यावर तो किती टिकतो? वापरणाऱ्यांनीच सांगा, विक्रेत्यांचं ऐकून झालंय.